खात्री नसताना

२३ आठवड्यांनी जन्मलेल्या, ५०० ग्रॅम वजनाच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ४५ मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं. चहाचे नऊ चमचे. तपासणीसाठी त्यातला एक चमचा काढला की बाळाचं नवव्या हिश्शाचं रक्त गेलं. मोठ्या माणसाच्या मापाने हे अर्ध्या लिटरहून अधिक होतं. रक्तदानात आपण देतो त्या ३५० मिलिलिटरपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून अशा बाळाचं काढलेलं रक्त थेंबाथेंबाने मोजून लिहून ठेवतात, आणि चांगला डॉक्टर रक्त मागवण्याआधी स्वतःला विचारतो: या तपासणीचं उत्तर काहीही आलं, तरी आपण वेगळं काही करणार आहोत का? करणार नसू, तर सुई टोचायचीच कशाला?

नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागातला नीतीचा विचार या चमचाभर रक्तापासून सुरू होतो. पुढे तो फार मोठ्या प्रश्नांपर्यंत जातो. व्हेंटिलेटर लावायचा का? लावला तर किती दिवस? मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर पुढे काय? आणि थांबायचं ठरलं, तर ते कोणी ठरवायचं? ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय त्याला बोलता येत नाही. त्याची आवड, त्याचा स्वभाव, त्याने कधी काय म्हटलं होतं, यातलं काहीच हाताशी नसतं. म्हाताऱ्या आजोबांच्या बाबतीत आपण निदान म्हणू शकतो की त्यांना हे आवडलं नसतं. काल जन्मलेल्या बाळाबद्दल तेही म्हणता येत नाही.

या विषयाचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास वाचताना मी थक्क होतो ते दोन गोष्टींनी. माणसाने इथे जे साधलं आहे ते अद्भुत आहे. आणि या वाटेवर ज्या ज्या वेळी जाणकारांना पक्की खात्री होती, त्यातल्या कितीतरी वेळा ती खात्री चुकीची निघाली.

श्वासाची गोष्ट

आधी अद्भुत काय ते पाहू. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या आतून ओल्या असतात. पावसात भिजलेल्या वहीची पानं चिकटतात तशा त्या प्रत्येक उच्छ्वासाला चिकटू पाहतात. पूर्ण दिवसांच्या बाळात त्यांना आतून एका स्निग्ध द्रवाचा पातळ लेप असतो. त्याचं नाव सर्फॅक्टंट. तो पाण्याचा पृष्ठताण कमी करतो आणि पिशवी उघडी राहते. गर्भात हा लेप २४ आठवड्यांच्या सुमाराला तयार होऊ लागतो आणि पुरेसा व्हायला ३४-३५ आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच जड जातो. थोड्या तासांत ते थकतं.

मेरी एलेन अ‍ॅव्हरी आणि जेरे मीड या संशोधकांनी १९५९ मध्ये दाखवलं की अशा मृत बाळांच्या फुप्फुसात हा लेपच अपुरा होता. कारण कळलं, पण उपाय नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन २.१ किलो. जगातल्या सर्वांत शक्तिमान माणसाचं मूल, बोस्टनमधले उत्तमोत्तम डॉक्टर, आणि ते बाळ ३९ तास जगलं. आज तेवढ्याच दिवसांचं आणि तेवढ्याच वजनाचं बाळ आपल्या जिल्हा रुग्णालयातल्या आजारी नवजातांच्या विशेष कक्षातून (एसएनसीयू) बहुतेक वेळा आईच्या कुशीत घरी जातं.

मधल्या काळात काय घडलं? न्यूझीलंडचे ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांमधल्या बाळंतपणाचा अभ्यास करत होते. स्टेरॉइड दिल्यावर फार लवकर जन्मलेलं एक कोकरू श्वास घेताना दिसलं. खरं तर त्या वयात ते जगायलाच नको होतं. लिगिन्स तिथे थबकले. मग रॉस हॉवी यांच्यासह त्यांनी अकाली प्रसूतीच्या वाटेवर असलेल्या स्त्रियांना स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन पाहिलं आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले: आईला दिलेल्या औषधाने पोटातल्या बाळाचं फुप्फुस लवकर पिकतं. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेला लेप दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडला आणि गुदमरणारी बाळं सावरू लागली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मेंदू मधूनच श्वास घ्यायचा विसरतो, त्यावर आज कॅफिन देतात. चहा-कॉफीतलं तेच कॅफिन.

लिगिन्स यांच्या इंजेक्शनची एक टोचणारी बाजू आहे. १९७२ नंतर त्याच्या अनेक चाचण्या झाल्या, पण सगळ्या एकत्र मांडून कोणी पाहिल्या नाहीत. त्यामुळे बहुतेक डॉक्टर पुढची वीस-एक वर्षं ते द्यायला कचरत राहिले. स्वस्त औषध कपाटात होतं आणि बाळं जात राहिली. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या जागतिक संस्थेच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेषा दिसतात, त्या याच चाचण्यांच्या आहेत. आपल्याला जे ठाऊक आहे ते न वापरणं हाही नीतीचाच प्रश्न आहे, याची ती कायमची आठवण.

प्राणवायू आणि वेदना

आता खात्रीबद्दल. प्राणवायूने कोणाचं वाईट होईल? १९४० च्या दशकात श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) भरपूर प्राणवायू द्यायला सुरुवात केली. बाळं गुलाबी दिसू लागली, सगळे समाधानी होते. १९४२ मध्ये बोस्टनच्या थिओडोर टेरी यांनी अशा बाळांमधलं एक नवं अंधत्व नोंदवलं. दहा-बारा वर्षांत जगभर सुमारे १०,००० मुलं आंधळी झाली. गंमत नव्हे, शोकांतिका अशी की हे सर्वाधिक घडलं ते सर्वांत सुसज्ज रुग्णालयांत. १९५४ च्या सुमारास अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांच्या एकत्रित चाचणीने दोष प्राणवायूच्या माथी लावला आणि सगळ्यांनी त्याचं प्रमाण घटवलं. अंधत्व ओसरलं. बरीच वर्षं गेल्यावर, १९७३ मध्ये, केनेथ क्रॉस यांनी हिशेब मांडला: वाचलेल्या एकेका दृष्टीमागे सोळा बाळांचा जीव गेला असावा.

मग योग्य प्रमाण किती? २०१० मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकी चाचणीत काही बाळांच्या रक्तातलं प्राणवायूचं प्रमाण ८५ ते ८९ टक्के ठेवलं, काहींचं ९१ ते ९५ टक्के. फरक किती थोडा! कमी प्रमाणाच्या गटात डोळ्यांचा गंभीर आजार निम्म्याहून कमी झाला: १७.९ ऐवजी ८.६ टक्के. पण मृत्यू १६.२ वरून १९.९ टक्के झाले. दृष्टी आणि जीव एकाच आकड्याच्या दोन बाजूंना उभे होते. आणि पुढे वाद पेटला तो असा, की आई-वडिलांना या जोखमीची पुरेशी कल्पना दिली होती का? अमेरिकी सरकारच्या देखरेख विभागाने २०१३ मध्ये म्हटलं की दिली नव्हती.

वेदनेची कथा त्याहून चटका लावणारी आहे. १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात बाळावर मोठी शस्त्रक्रियाही जेमतेम भूल देऊन होत असे. स्नायू ढिले करायचं औषध मिळायचं, त्यामुळे बाळ हलत नसे. त्याचा मेंदू पिकलेला नाही, त्याला दुखणं कळत नाही, अशी समजूत होती. भारतातून ऑक्सफर्डला गेलेल्या के. जे. एस. आनंद यांनी बाळांच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक मोजले. १९८७ मध्ये छापलेल्या त्यांच्या चाचणीत ज्या बाळांना नीट वेदनाशामक भूल मिळाली त्यांचा ताण कमी राहिला आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही घटली. बाळाला रडून सांगता येत नव्हतं, ते रक्ताने सांगितलं. तेव्हापासून दुखतंय का हा प्रश्न नवजात बाळांच्या नीतिविचाराच्या मध्यभागी आला. जगणं किती दिवसांचं हे मोजतानाच त्यातला प्रत्येक दिवस कसा, हेही मोजावं लागतं.

कोण जगेल, आणि कसं

१९७३ साली रेमंड डफ आणि ए. जी. एम. कॅम्पबेल या अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी धाडस केलं. त्यांच्या विभागातल्या २९९ मृत्यूंपैकी ४३ मृत्यू उपचार थांबवल्यामुळे किंवा न केल्यामुळे झाले आणि ते आई-वडिलांशी बोलून ठरवलं होतं, असं त्यांनी उघड लिहिलं. सगळीकडे घडत होतं, पण बंद दाराआड. त्यांनी दार उघडलं.

उघड्या दारातून मग उलटसुलट वारे आले. १९८२ मध्ये इंडियाना राज्यात डाउन सिंड्रोम असलेलं एक बाळ जन्मलं. त्याची अन्ननलिका जठराला जोडलेली नव्हती. ही शस्त्रक्रिया तेव्हाही होत असे आणि बहुधा यशस्वीही होई. आई-वडिलांनी ती नाकारली, न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं आणि सहाव्या दिवशी बाळ गेलं. देश हादरला. सरकारने रुग्णालयांत तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांकाचे फलक लावायला लावले, १९८४ मध्ये कायदा केला. फलकांची सक्ती न्यायालयात टिकली नाही, पण एक गोष्ट वैद्यकाच्या अंगवळणी पडली: मूल मतिमंद राहील एवढ्या कारणासाठी सहज होणारी शस्त्रक्रिया नाकारायची नाही. दुसऱ्या टोकाला नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या डॉक्टरांनी, असह्य आणि न संपणाऱ्या वेदनेतल्या बाळाचं जीवन औषधाने संपवण्यासाठीची नियमावली २००५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यावरचा वाद अजून शमलेला नाही. भारतात असं करायला कायद्याची परवानगी नाही.

या दोन टोकांच्या मधे रोजचे, साधे, अवघड निर्णय असतात आणि तिथे भाकितावर भिस्त असते. भाकीत किती विश्वासाचं? अमेरिकेतल्या २४ रुग्णालयांतल्या २७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या सुमारे ५,००० बाळांचा अभ्यास २०१५ मध्ये छापला गेला. २२ आठवड्यांच्या बाळांपैकी काही रुग्णालयं एकावरही उपचार करत नव्हती, काही सगळ्यांवर करत होती. २२ आठवड्यांची सगळी बाळं धरली तर जगली सुमारे ५ टक्के. ज्यांच्यावर उपचार झाले तेवढीच धरली तर जगली २३ टक्के. आता विचार करा. एखादं रुग्णालय म्हणतं, आमच्याकडे २२ आठवड्यांचं बाळ कधी जगलेलं नाही, म्हणून आम्ही प्रयत्न करत नाही. वाक्य खरं आहे. पण ते खरं का आहे, तर प्रयत्न केला नाही म्हणून. भाकितानेच स्वतःला खरं करून दाखवलं.

याचा अर्थ प्रत्येक वेळी झुंजावंच असा नाही. २३ टक्के जगली म्हणजे उरलेली ७७ टक्के बाळं नळ्या, सुया आणि उजेडात काही तास किंवा काही आठवडे काढून गेली. जी जगली त्यांतल्या अनेकांना पुढे गंभीर अपंगत्व आलं. आई-वडिलांसमोर दोन्ही आकडे ठेवायला हवेत. एकच ठेवला तर तो सल्ला राहत नाही, निर्णयच होतो.

आणि अपंगत्व आलं, तर ते जगणं कसं असतं? याचं उत्तर देण्याचा अधिकार कोणाचा? कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये भारतीय वंशाच्या डॉ. सरोज सैगल यांनी १९७७ ते १९८२ मध्ये जन्मलेल्या, एक किलोच्या आतल्या बाळांचा माग धरला, तो ती मोठी होईपर्यंत सोडला नाही. मुलं किशोरवयात आल्यावर त्यांनी सरळ मुलांनाच विचारलं: तुमचं आयुष्य कसं आहे? अनेकांना दृष्टीचे, चालण्याचे, शिकण्याचे त्रास होते. तरी बहुतेकांनी आपल्या आयुष्याला भरघोस गुण दिले. पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या मुलांच्या जवळपास. पुढे १९९९ मध्ये त्यांनी निरनिराळ्या अपंगत्वांची वर्णनं डॉक्टर, नर्स, आई-वडील आणि ही मुलं या सगळ्यांपुढे ठेवली. गंभीर अपंगत्वाला सर्वांत कमी गुण दिले ते डॉक्टर-नर्सनी. जे त्या अवस्थेच्या जवळ राहतात त्यांना ती बाहेरून दिसते तेवढी काळी दिसत नाही. हे वाचल्यापासून 'असं जगण्यापेक्षा गेलेलं बरं' हे वाक्य कानावर आलं की मला विचारावंसं वाटतं: हे कोणाचं मत? जगणाऱ्याचं, की बघणाऱ्याचं?

आपल्या मातीत

तिकडे जे लागू पडलं ते इकडेही पडेल, ही आणखी एक खात्री. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचं अंग ७२ तास ३३.५ अंशांवर थंड ठेवलं तर मेंदूचं नुकसान कमी होतं, हे श्रीमंत देशांतल्या चाचण्यांनी २००५ नंतर दाखवलं आणि तो तिथला नेहमीचा उपचार झाला. मग भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर तीच चाचणी झाली. २०२१ मध्ये निकाल आला. थंड ठेवलेल्या बाळांपैकी ४२ टक्के गेली, नेहमीच्या उपचारातली ३१ टक्के. तेच यंत्र, तेच तापमान, उलटा परिणाम. आपल्याकडच्या बाळांची इजा कदाचित वेगळ्या जातीची, जन्माच्या आधीपासून सुरू झालेली असते, असं संशोधकांना वाटतं. ही चाचणी केली नसती, तर चांगलं करतो आहोत या समाधानात आपण बाळांचं नुकसान करत राहिलो असतो.

उलट, जे आपल्यासारख्यांच्या टंचाईतून निघालं ते जगाने उचललं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये पेट्या कमी पडत होत्या, म्हणून डॉ. एडगर रे यांनी लहान बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. हीच कांगारू पद्धत. ती स्थिर झालेल्या बाळांसाठी, अशी समजूत बरीच वर्षं होती. आजारी, अस्थिर बाळाची जागा काचेत आणि आईची जागा बाहेरच्या बाकावर. मग दिल्लीच्या सफदरजंगने आणि आफ्रिकेतल्या चार रुग्णालयांनी मिळून १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मापासूनच आईजवळ ठेवून पाहिलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: नेहमीच्या पद्धतीत २८ दिवसांत १५.७ टक्के बाळं गेली, आईच्या छातीशी १२ टक्के. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवली, कारण दुसऱ्या गटातल्या बाळांना आईपासून दूर ठेवणंच आता अन्यायाचं झालं होतं.

महाराष्ट्राची यातली कामगिरी अभिमानाने सांगावी अशी आहे. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. ज्या बाळाच्या आईला दूध येत नाही त्याला दुसऱ्या आईचं दूध. आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना शिकवलं: बाळाचा श्वास मोजायचा, ऊब द्यायची, गुदमरलेल्याला पिशवी-मुखवट्याने हवा द्यायची, जंतुसंसर्गावर इंजेक्शन द्यायचं. रुग्णालयाबाहेर आजारी नवजाताचं काही करता येत नाही असं शास्त्र सांगत होतं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलेल्या निष्कर्षात त्या गावांतला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता.

पण आपल्याकडची दोन दुखणी झाकून चालणार नाही. पहिलं पैशाचं. सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचा उपचार २०११ पासून मोफत आहे, पण तिथे खाट मिळेलच असं नसतं. खासगीत गेलं की रोजचं बिल आणि बाळाचं वजन एकाच वहीत लिहिलं जातं. पैसे संपतात तेव्हा बाप 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहोत' या कागदावर सही करतो आणि बाळ नळी काढून रिक्षाने घरी जातं. ना वेदनेचं औषध, ना कोणी सोबत. कागदावर कोणीच काही ठरवलेलं नसतं. मला हा सगळ्यांत वाईट निर्णय वाटतो, कारण त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही आणि भोगतं ते बाळ.

दुसरं दुखणं मुलींचं. २००८ मध्ये छापलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की फार लवकर जन्मलेल्या बाळांत मुलगी असणं हे आईच्या पोटात जवळपास एक आठवडा जास्त राहिल्याइतकं फायद्याचं असतं. निसर्ग मुलीला एका आठवड्याची शिदोरी देतो. आणि आपल्या देशातल्या नवजात विभागांत भरती होणाऱ्या बाळांत मुली मुलांपेक्षा बऱ्याच कमी असतात. मुलगे जात्याच नाजूक म्हणून ते अधिक भरती होतात हे खरं, पण दरी तेवढ्याने भरून निघत नाही. काही मुलींना दवाखान्यापर्यंत आणलंच जात नाही.

खाटेशी काय होतं

मग खात्री नसताना ठरवायचं कसं? ज्यांनी हे काम नेकीने केलं आहे त्यांच्याकडून कळते ती रीत अशी.

शंका असेल तर उपचार सुरू करायचे आणि ठरावीक मुदतीने पुन्हा बघायचं. सुरू केलं म्हणजे आता थांबता येणार नाही, असं मानायचं नाही. उपचार न करणं आणि चालू उपचार थांबवणं यांत नीतीच्या दृष्टीने फरक नाही, असं बहुतेक जाणकार मानतात; मनाला मात्र फरक वाटतोच, आणि त्या वाटण्याला वेळ द्यावा लागतो. मधल्या दिवसांत बाळ स्वतःच पुष्कळ सांगतं. बाळाची टाळू मऊ असते, तिच्यावर सोनोग्राफीचा छोटा प्रोब टेकवला की हाडाचा अडथळा न येता मेंदू दिसतो. फार लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतला रक्तस्राव बहुधा पहिल्या तीन दिवसांत होतो. म्हणजे पाचवीला सटवाई कपाळी लिहायला येते असं आपल्या आज्या मानत, त्या सुमाराला डॉक्टरांकडेही बाळाबद्दल काही वाचण्याजोगं जमलेलं असतं. तेही अपुरंच. सौम्य रक्तस्राव झालेली कितीतरी मुलं धावतात, शाळेत जातात. तीव्र रक्तस्राव झालेल्यांतलीही काही चालतात.

मग बसून बोलायचं. उभ्याने, दारात, घाईत नाही. आई टाके ओले असताना वेगळ्या वॉर्डात झोपलेली असते आणि निर्णय बाप, काका आणि डॉक्टर घेऊन मोकळे होतात, हे आपल्याकडे सर्रास चालतं. आईला व्हीलचेअरवर बसवून आणा. तिला बाळाला हात लावू द्या. मग विचारा. आई-वडिलांवर सगळा भार टाकून 'तुम्ही सांगा, बंद करू का' असं विचारणं हीही क्रूरताच. आपलं मत डॉक्टरांनी सांगावं, कारणं सांगावीत, आणि आई-वडिलांचं ऐकावं. वाट दोघांनी मिळून काढायची.

कायदाही हळूहळू इकडे वळला आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात चार दशकं निपचित पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जीवनरक्षक उपचार थांबवण्याची वाट पहिल्यांदा मान्य केली. २०१८ मध्ये सन्मानाने मरण हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरला आणि २०२३ मध्ये डॉक्टरांच्या मंडळांची कार्यपद्धती सुटसुटीत झाली. ही चौकट मुख्यतः मोठ्या माणसांना समोर ठेवून बांधलेली आहे. मुलांच्या अखेरच्या काळातल्या काळजीबद्दल इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं दिली. नवजातासाठी स्वतंत्र, स्पष्ट कायदेशीर वाट अजून व्हायला हवी. ती नसल्यामुळे भल्या डॉक्टरांनाही भीतीपोटी नको ते यंत्र चालू ठेवावं लागतं.

आणि थांबायचं ठरलं, तर काळजी थांबत नाही. सुया थांबतात. वेदनेचं औषध चालू राहतं. नळी काढून बाळ आईच्या मांडीवर देतात, पडदा ओढतात, घड्याळाकडे कोणी बघत नाही. बारशाची वाट न पाहता नाव ठेवता येतं. कोणाला पावलांचे ठसे हवे असतात, कोणाला फोटो, कोणाला अंगारा लावायचा असतो. यातलं काहीही वेडगळ नाही.

वाचकहो, अपुऱ्या दिवसांचं बाळ कोणाच्याही घरी येऊ शकतं. तुमच्या ओळखीच्या घरी आलं, तर एवढं करा. डॉक्टरांना विचारा: अशी शंभर बाळं असतील तर तुमच्याकडे किती जगतात, आणि जगलेली कशी असतात? बाळाला दुखतंय का, आणि त्यावर काय देताय? पुन्हा कधी बसून ठरवायचं? आईला आत घेऊन जा, दूध काढायला मदत करा, छातीशी धरू द्या. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाचे डोळे चार आठवड्यांच्या आत तपासून घ्या. फारच लहान बाळाचे त्याहून आधी. ते अंधत्व आज टाळता येतं. आईला 'तू काय खाल्लंस, का उचललंस' विचारू नका. आणि त्या दोघांनी विचार करून जे ठरवलं असेल, ते झुंजायचं असो की थांबायचं, त्यांच्या मागे उभे राहा. नंतर कधीही, एकदाही, 'असं केलं असतं तर' म्हणू नका.